पसरणीच्या घाटात

वाईस ढोल्या गणपतीच्या घाटावर प्रवासी थोडा वेळ तरी रेंगाळतोच. मला मात्र ऊन चढण्याच्या आत पाचगणी गाठावयाची होती, म्हणून बाहेरूनच हात जोडले आणि गावाच्या टोकाला एका दुकानात सायकलीत हवा भरून घेतली. दुकानदाराने मागच्या दातेरी चकत्यांकडे निरखून पाहिले आणि तो म्हणाला, “पाव्हणं, वर निघालाय न्हवं? मग चढ लागायच्या आधीच हलका गिअर टाका. चढावर टाकाय गेला, तर चेन बोंबलंल.”

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. चेन एका चकतीवरून दुसरीवर जाते ती फिरती असतानाच, आणि तिच्यावरचा ताण जितका कमी तितकी ती बिनबोभाट जाते. मागची यंत्रणा चेनच्या खालच्या, सैल पदराला ढकलते, त्यामुळे तेथे थोडीफार जबरदस्ती खपून जाते. पुढे मात्र वरच्या, ताणलेल्या पदरालाच हलवावे लागते, आणि पायांचा सारा जोर पायडलावर असताना तेथे सोडलेल्या हुकमाची तामिली होत नाही. सबब पुढचा बदल पायथ्याच्या सपाटीवरच उरकून घ्यावा आणि घाटात केवळ मागच्या चकत्यांचा कारभार पाहावा, अशी माझी वहिवाट आहे.

शाहीर साबळे यांचे पसरणी गाव मागे पडले आणि रस्ता डोंगराला भिडला. वाईची उंची सातशे मीटरांच्या आसपास, पाचगणीची सुमारे 1,290, आणि मधले अंतर बारा-तेरा किलोमीटर. कागदावर हा चढ सौम्यच दिसतो. परंतु घाटात दृष्टीवर विसंबण्यात अर्थ नसतो, कारण खड्या चढानंतर येणारा जरा कमी चढ डोळ्यांना सपाट भासतो आणि त्या भ्रमात जड गिअर टाकणाऱ्याचे गुडघे अल्पावधीतच तक्रार गुदरतात. प्रमाण मानावे ते पायांच्या लयीला. मिनिटाला सत्तर-ऐंशी फेऱ्या सहज पडत असताना ती संख्या आपल्या इच्छेवाचून साठीकडे उतरू लागली, की श्वास फुलण्याची वाट न पाहता पायडलावरचा दाब निमिषभर सैल करावा आणि एक चकती वर चढावे. माझ्या सायकलीला पुढे चौतीस आणि मागेही चौतीस दात, म्हणजे पायडलाच्या एका फेरीत चाकाचीही एकच फेरी आणि दोन मीटरांहून थोडी अधिक वाट. सत्तर फेऱ्यांच्या हिशेबाने ताशी नऊ किलोमीटरही भरत नाहीत. एस.टी.च्या खिडकीतून पाहणाऱ्यांना त्या गतीची दया येत असावी.

घाटाची खरी मौज वळणांत आहे. आपल्याकडे डाव्या बाजूने चालण्याचा कायदा असल्यामुळे चढताना डावे वळण आतल्या अंगाने घ्यावे लागते, आणि तेथे थोडक्या लांबीत तेवढीच उंची गाठावयाची असल्याने चढ एकदम उभा होतो. उजवे वळण बाहेरून, ऐसपैस घेता येते. म्हणून डाव्या वळणाच्या वीस-पंचवीस पावले अलीकडेच एक गिअर हलका करावा, आणि उजव्या वळणात तो परत घेतला तरी चालतो.

तूर द फ्रान्स ही शर्यत 1903 साली सुरू करणारे आंरी देग्रांज यांना गिअर बदलणाऱ्या यंत्राचे मोठे वावडे होते, आणि 1937 पर्यंत त्या शर्यतीत डिरेलरला मज्जाव होता. तोवर स्पर्धक मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना निरनिराळ्या दातांच्या चकत्या बसवीत, आणि चढ आला की उतरून, चाक काढून, ते उलटे बसवीत. देग्रांजसाहेबांचा हट्ट मला पटत नाही. पण एवढा खटाटोप करणारा मनुष्य कोठे थांबावे याचा विचार पायथ्याच्या पुष्कळ आधी करीत असणार, हे मान्य केले पाहिजे. बोटाच्या दाबाने काम होऊ लागल्यापासून तो विचार आपण चढाच्या ऐन मध्यावर करतो.

वरच्या वळणांवरून कृष्णेचे खोरे आणि धोम धरणाचा जलाशय दिसू लागला तेव्हा ऊन चांगलेच तापले होते. पाचगणीच्या बाजारात चहासाठी थांबण्यापूर्वी, चाक फिरते होते तोवरच, मी गिअर पुन्हा हलका करून ठेवला, कारण उभ्या सायकलीची चेन जागची हलत नाही आणि जड गिअरवर गर्दीतून निघणे म्हणजे शोभा करून घेणे. पुढे महाबळेश्वरापर्यंतची अठरा-एकोणीस किलोमीटरांची वाट चढउतारांची आहे. तेथे सकाळपासून बेकार बसलेल्या लहान चकत्यांनाही काम मिळाले.