आईच्या आठ कॅप्सूल

दर रविवारी सकाळी आईला फोन करून मी एकच प्रश्न विचारते, "कॅप्सूल घेतलीस?" व्हिटॅमिन डी, ६०,००० युनिट्स, आठवड्यातून एकदा, दुधाबरोबर. तिच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं, मी पुण्याहून कुरिअर केलेलं. लांब राहणाऱ्या मुलीची सेवा म्हणजे एवढीच!

असे आठ रविवार झाले. मग एका फीचरसाठी मी औषधांची वेष्टनं वाचत बसले (फ्रीलान्सर माणसाला काय काय वाचावं लागतं!) आणि पोटात धस्स झालं. त्या मऊ, चकचकीत कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं होतं. जिलेटिन म्हणजे जनावरांची कातडी आणि हाडं यांपासून काढलेलं प्रोटीन. आणि माझी आई माळकरी. आमच्या घरात अंड्याचा केकसुद्धा येत नाही.

पर्याय शोधला. 'व्हेज' कॅप्सूलचं कवच बऱ्याचदा एचपीएमसीचं असतं. पूर्ण नाव भयंकर, हायड्रॉक्सीप्रोपिल मिथाइलसेल्युलोज. पण मूळ साधं, लाकडाच्या लगद्यातलं किंवा कापसातलं सेल्युलोज. हा पॉलिमर भलताच उद्योगी निघाला. दिवसभर स्क्रीनकडे बघून डोळे कोरडे पडले की आपण जे ड्रॉप्स टाकतो, त्यातल्या काहींमध्ये हाच असतो, हायप्रोमेलोज या नावाने. घरमालकांनी बाथरूमच्या टाइल्स बदलल्या, त्या चिकटवायच्या मसाल्यातही हा किंवा याचा सख्खा भाऊ. सिमेंट घट्ट व्हायच्या आत पाणी उडून जाऊ नये म्हणून. पाणी धरून ठेवायचं, डोळ्यात काय नि भिंतीवर काय! गंमत म्हणजे तो गार पाण्यात विरघळतो, उकळत्या पाण्यात नाही. औषधाची ग्रेड अर्थातच वेगळी.

कवचाचं जमलं. पण आतलं डी३? ते बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या मेणचट लॅनोलिनपासून बनतं. त्यातलं कोलेस्टेरॉल काढतात, त्यावर प्रक्रिया करतात आणि मग अल्ट्राव्हायोलेट प्रकाश सोडतात. उन्हात आपली त्वचा जे करते, ते कारखान्यात. लायकेनपासून केलेलं डी३ही असतं, पण आईच्या डॉक्टरांनी सुचवलेल्या नव्या कॅप्सूलमध्ये लोकरीचंच होतं.

आता हे आईला सांगायचं, की गुपचूप कॅप्सूल बदलायची? दोन दिवस टाळलं. शेवटी सगळं सांगून टाकलं.

लोकरीचं ऐकून ती म्हणाली, "मेंढी जिवंत राहते ना? मग दुधासारखंच की."

हुश्श केलं, तोच पुढचा प्रश्न आला. "आणि आधीच्या आठ?"

मी गप्प. तिकडे कुकरची शिट्टी झाली. "ठेवते गं," म्हणाली.

नवी डबी आता पोचली आहे आणि रविवारचा फोन चालू आहे. जुन्या स्ट्रिपमधल्या उरलेल्या दोन कॅप्सूल तिने फेकल्या नाहीत. देवघरापासून लांब, शिवणाच्या डब्यात ठेवल्यात. "आलीस की घेऊन जा," म्हणाली.