कापण्याआधी

माझ्या उजव्या हाताची बोटं बधिर होऊ लागल्यापासून पित्ताशयाची ऑपरेशनं लोणीला शिकून आलेला माझा तरुण सहकारी करतो. मी समोर उभा राहतो. खड्यांची नेहमीची केस त्याला कुणी शिकवायला नको. झँथोग्रॅन्युलोमॅटस कोलेसिस्टायटिसची शंका आली, की मात्र तो माझ्याकडे बघतो.

या आजारात खडा अडकून राहतो, दाब वाढतो, पित्त रोकिटान्स्की-अशॉफ सायनसमधून, म्हणजे अस्तराच्या खोल खळग्यांतून, पित्ताशयाच्या भिंतीत झिरपतं. ते गिळून फेसाळलेल्या पेशींचे पिवळट पुंजके होतात, भोवती तंतू दाटतात. यकृत, ड्युओडेनम, कोलन सगळं चिकटून एकजीव. १९७६ साली आजाराला हे नाव मिळालं. बोटांना मात्र तो कॅन्सरच लागतो.

खरी अडचण पुढे आहे. कॅन्सर असेल तर पित्ताशयाला छेद देणं पाप. लगतच्या यकृतासकट ते अखंड काढायला हवं. नसेल तर पित्ताशयाच्या मानेजवळ, कॅलॉटच्या त्रिकोणात घुसण्याचा हट्ट धोक्याचा. मुख्य पित्तनलिका दुखावण्यापेक्षा पित्ताशय उघडावं, खडे काढावेत, मान तिथेच सोडावी. दोन उलट ऑपरेशनं, आणि निवड निदानाआधी! सीटीत भिंतीतल्या काळसर गाठी आणि सलग अस्तर दिसलं तर धीर येतो, खात्री नाही. ऑपरेशन चालू असतानाच तुकडा तपासून देणारं फ्रोझन सेक्शन तालुक्याच्या गावात कुठून आणायचं? शिवाय दोन्ही रोग एकाच पित्ताशयात असू शकतात. तुकडा पिवळ्या गाठीतला घेतला आणि कॅन्सर शेजारीच राहिला, तर?

१९९० साली डॉ. तेहमटन उदवाडियांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयात भारतातलं पहिलं पित्ताशय दुर्बिणीतून काढलं. त्या माणसाला मी मानतो. हल्ली परिषदांत मिनिटं मोजणारे व्हिडिओ दाखवतात. त्यांत असलं पित्ताशय नसतं. पोट उघडणं म्हणजे हार, असं पोरांच्या मनात भरलंय, त्याची मला चीड येते.

अहंकार मलाही होता. अखंड पित्ताशय ट्रेमध्ये ठेवून नातेवाइकांना दाखवताना छाती फुगायची. मान मागे सोडून बाहेर येणं कमीपणाचं वाटायचं, अजूनही वाटतं.

परवा पाथर्डीकडच्या एका बाईंच्या पोटात माझ्या सहकाऱ्याने दुर्बीण घातली, भिंत बघितली आणि म्हणाला, “सर, काहीच न कापता बंद करू या. पुण्याला पाठवू.” मला राग आला. मी हात घातला असता. पण त्याचं बरोबर होतं.

बाहेर त्यांच्या मुलाशी मीच बोललो. “डॉक्टर, कॅन्सर आहे का?” तो पुन्हा पुन्हा विचारत होता. मी पुन्हा पुन्हा तेच सांगितलं, “अजून कळलेलं नाही.”