झाकलेला जोड

शेफील्ड,
२५ जानेवारी

ती. मामा,
सा. न. वि. वि.

गाडीतल्या घरात वीज आली, पाणीही आलं. पहिला दिवा लागला तेव्हा तुमचीच आठवण झाली, म्हणून हे पत्र.

गाडी १९९५ ची. बाहेरचा पत्रा धड होता, पण खिडक्यांच्या कडेने पाणी मुरून आतला लाकडी सांगाडा कुजलेला. बोटाने दाबला की भुगा पडायचा. तो काढून नवा घातला आणि मग वायर ओढायला घेतली.

‘आधी लोड काढ’ हे तुमचं वाक्य इथे दर पावलाला आठवलं. २००० वॉटची किटली घरात नऊ अँपिअरसुद्धा खेचत नाही. तीच १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावायची तर जवळजवळ १६७ अँपिअर! म्हणून चहा गॅसवर. फ्रिज पाचच अँपिअर घेतो, पण बॅटरीपासून पाच मीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर वायर. दीड चौरस मिलिमीटरची घातली असती तर वाटेतच ०.६ व्होल्ट गेला असता. २३० मधून तेवढा गेला तर कळतही नाही, १२ मधून मात्र तो विसावा हिस्सा. मी चारची घातली; आता पाव व्होल्टच्या आत भागतं. वायर बारीक तारांची, लवचीक घेतली आणि प्रत्येक टोकाला थिंबल दाबून लावलं. सततच्या हादऱ्यांनी एकतारी वायर स्क्रूखाली तुटते. मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभरावर ठेवला, म्हणजे पुढे कुठेही वायर घासली तरी तो आधी उडेल. बॅटरी लिथियमची. शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते, आणि इथली थंडी तर तुम्ही फोनवर ऐकताच. त्यामुळे बाहेरच्या कप्प्याऐवजी ती आत, बाकाखाली ठेवली.

अशा घरगाड्या उभ्या करायच्या तळावर निळं, १६ अँपिअरचं सॉकेट मिळतं. तिथून २३० घेतो तेव्हा मध्ये ३० मिलिअँपिअरचा ब्रेकर असतो, तुम्ही ज्याला ईएलसीबी म्हणता तो. गाडीच्या पत्र्याला आणि चॅसीला अर्थिंग जोडलंय, मीटर लावून दोनदा तपासलंय. आणि मामा, आपल्या ओसरीवरचं तीन गोल पिनांचं सॉकेट मूळचं इथलंच. ब्रिटिशांनी १९४७ मध्ये चौकोनी पिनांच्या, आत फ्यूज असलेल्या प्लगचं मानक काढलं. आपण गोल पिनाच ठेवल्या. जुनं सामान चाळताना तसला गोल पिनांचा एक प्लग हाती आला, तो मी जपून ठेवलाय.

पाण्यात मात्र चुकले. टाकी ७० लिटरची, दोघांना जपून तीन दिवस पुरते. पंप १२ व्होल्टचा, त्यात प्रेशर स्विच असतो. नळ उघडला की दाब उतरतो आणि पंप सुरू होतो. नळ बंद केला की दाब भरतो, पंप थांबतो. परवा रात्री दोन वाजता तो एकदम घुर्र करून थांबला. नळ कुणी उघडला नव्हता. अर्ध्या तासाने पुन्हा तेच. म्हणजे पाणी कुठून तरी जात होतं.

टॉर्च घेऊन ओट्याखाली शिरले. हात फिरवला तर सगळं कोरडं. शेवटी मोरीच्या पडद्यामागची प्लायवूडची फळी बोटांना गार लागली. चार स्क्रू काढले. मागे एक जोड होता, १२ मिलिमीटरच्या पाइपचा, ढकलून बसवायचा. त्याच्या गळ्याशी थेंब जमत होता. मोठा व्हायचा, सुटायचा, पुन्हा जमायचा. पाइप बाहेर ओढला. कापताना मी करवत वापरली होती. कड तिरकी, तिला बारीक कुसळ राहिलेलं, आणि त्याने आतल्या रबरी रिंगला चरा पडलेला. केसाएवढा. खालचं नवं लाकूड महिन्याभरातच काळं पडायला लागलं होतं.

जंक्शन बॉक्सचं झाकण कधी प्लास्टरखाली जाऊ द्यायचं नाही, हे तुम्ही मला आठवीच्या सुट्टीत शिकवलंत. विजेचा एकेक जोड मी हाताला लागेल असाच ठेवलाय. पाण्याचा जोड तसाच ठेवायचा असतो, हे डोक्यात आलं नाही. तो मी स्वतःच्या हाताने फळीमागे झाकला. त्याचं फार वाईट वाटलं.

पाइप कटरने सरळ कापला, कड घासली, रिंग बदलली, खूण केली तिथपर्यंत ढकलला. रात्रभर पंप गप्प होता. उरलेले पाच जोडही उघडून पाहिले. आता सगळ्या पाइपांना एका नळाकडे उतार दिलाय. कडाक्याच्या दिवसांत गाडी रिकामी ठेवायची झाली की तो नळ सोडायचा आणि वरचे सगळे उघडे ठेवायचे. आत पाणी गोठलं तर जोड फुटतात.

गॅसला मी हात लावलेला नाही. त्या कामाची रीतसर नोंदणी असलेला माणूस गुरुवारी येतोय.

जोडासमोर फळीला छोटं दार पाडलंय, त्याचा फोटो सोबत आहे. बिजागरी खाली लावलीय. वर हवी होती का, ते सांगा.

मामींना नमस्कार.

तुमची भाची