हात दाखवण्याची विद्या

अकोले तालुक्याच्या पश्चिमेस, प्रवरेच्या उगमाकडील डोंगराळ मुलखात, एका माध्यमिक विद्यालयात मी अनेक वर्षे मराठी शिकविले. परंतु जून उजाडला की अध्यापनाहूनही अधिक निकडीचे एक काम माझ्याकडे आपोआप चालून येत असे, आणि ते म्हणजे राजूर-शेंडीच्या पलीकडील वाड्यावस्त्यांतून येणाऱ्या मुलामुलींचे एस.टी.चे पास. ते कोणाच्या हुकुमाने मजकडे सोपविलेले नव्हते. कारकुनास सवड नव्हती, पालकांस अर्जातील मजकूर वाचता येत नव्हता, आणि मुले तर आगारातील खिडकीपुढे उभी राहिली की स्वतःचे नावही विसरत. तेव्हा दाखले, छायाचित्रे आणि शिक्के यांचा बंदोबस्त करून मीच त्यांच्याबरोबर त्या रांगेत उभी राहू लागले.

सवलतींच्या बाबतीत शासनाने हात आखडता घेतला आहे असे कोणी म्हणू नये. विद्यार्थ्यांना मासिक पासावर भाड्यात 66.67 टक्के सूट आहे, आणि ग्रामीण भागातील बारावीपर्यंतच्या मुलींना तर अहिल्याबाई होळकरांच्या नावाने चालणाऱ्या योजनेखाली तो विनामूल्यच मिळतो. ज्या चौंडीत अहिल्याबाईंचा 1725 साली जन्म झाला ते गाव आमच्याच जिल्ह्यातले, आणि 1 जून 1948 रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुण्याहून सुटली ती आमच्याच जिल्ह्याच्या ठिकाणी, तेव्हाच्या अहमदनगरास, येऊन पोहोचली. या दोन्ही गोष्टींचा अभिमान आमच्याकडील समारंभांतून यथास्थित व्यक्त होतो. पण आठवीतल्या मुलीला दिवेलागणीपूर्वी वाडीवर पोहोचविण्याच्या कामी अभिमानाचा फारसा उपयोग नसतो.

पास हाती आला म्हणजे प्रवास साधला, ही समजूत माझीच नव्हे तर सर्वांचीच होती, आणि तिला पहिला धक्का दिला तो एका अबोल मुलीने. पावसाळ्यात ती वारंवार गैरहजर राहू लागली म्हणून मी कारण विचारले, तेव्हा ती म्हणाली, "बाई, गाडी थांबतच न्हाई." मी विचारले, "तू हात करतेस का?" यावर तिने मान खाली घातली. तिच्या वाडीच्या फाट्यावर विनंती थांबा होता, तेथे प्रवाशाने हात दाखविल्याखेरीज गाडी थांबण्याचे कारण नव्हते. आणि रस्त्याच्या कडेला, चारचौघांच्या देखत, हात उंच करून एवढी मोठी गाडी थांबवावयाची हे त्या लेकराला इतके संकोचाचे वाटे, की ती सादड्याच्या बुंध्याआड उभी राहून गाडी आपणहून थांबण्याची वाट पाही.

मग मी आमच्या मार्गावरील एका जुन्या चालकमामांना, त्यांच्या सुटीच्या दिवशी, शाळेत बोलाविले. भंडारदऱ्याकडच्या पावसात धुके उतरले म्हणजे काळे घोंगडे पांघरलेले मूल झाडाच्या खोडाहून वेगळे दिसत नाही. उतारावर भरलेली गाडी एकाएकी थांबविता येत नाही. म्हणून वळणाच्या तोंडाशी न थांबता सरळ रस्त्यावर, दुरून नजरेस पडेल असे उभे राहावे आणि गाडीचा दिवा दिसताच हात करावा, हे सारे त्यांनी अशा जिव्हाळ्याने सांगितले की माझी व्याकरणाची तासिका फुकट गेल्याचे मला मुळीच वाईट वाटले नाही. मुलांनी मैदानावर खोटी गाडी काढली, एकजण वाहक झाला, आणि ती अबोल मुलगी हात वर करून ओरडली तेव्हा टाळ्या पडल्या. (त्या वाहकाने सुटे पैसे नसल्याबद्दल सर्वांना इतके खडसावले की निरीक्षणशक्तीचे वेगळे गुण द्यावयास हवे होते.)

दुसरी अडचण पाटीची. एकाच गावी जाणाऱ्या दोन गाड्या दोन वाटांनी जातात, आणि कोणती आपल्या फाट्यावरून जाईल हे पाटीवर खाली बारीक अक्षरांत 'मार्गे' म्हणून लिहिलेल्या नावावरून ठरते. मोठ्या अक्षरांवर विसंबून चढलेली मुले भलत्याच खोऱ्यात उतरत. धड्यातील वाक्ये शब्दशः पाठ करणाऱ्या मुलांना ही एक ओळ वाचावयास आम्ही कधी शिकविलेच नव्हते, कारण ती परीक्षेत येत नाही.

सर्वांत बिकट गाठ मात्र वेळेची होती. शाळेची वेळ बदलून सुटी पाचला होऊ लागली, आणि वरच्या खोऱ्यात जाणारी गाडी पूर्वीच्या शिरस्त्याप्रमाणे साडेचारला निघून जाई. यात दोष असा कोणाचाच नव्हता, कारण एकाने दुसऱ्याला काही कळविलेच नव्हते. परिणाम मात्र मुलींना भोगावा लागे. पुढची गाडी मुक्कामी, तीही अंधार पडल्यावरची. आणि मुलगी दोन-चारदा उशिरा आली की बाप तिचा दाखलाच काढावयास येई. विनामूल्य पास पेटीत पडून राही. आगार व्यवस्थापकांना मी पत्र लिहिणार होते. पण मनात आले की गाडी मुलांची आहे, तर तजवीजही त्यांनीच करावी. नववीच्या वर्गाने अर्ज लिहिला, कोणत्या वाडीची किती मुले याची यादी जोडली, आणि पाच प्रतिनिधी तो घेऊन गेले. मी बाहेरच्या बाकावर बसले. व्यवस्थापकांनी मुलांना बसावयास खुर्च्या दिल्या, नाना प्रश्न विचारले, आणि पुढील आठवड्यात गाडी सव्वापाचला सुटू लागली. शेवटच्या तासाला दप्तरे आवरण्याची मुलांची घाई त्या दिवसापासून थांबली.

2024 च्या जूनपासून पास शाळेतच देण्याची व्यवस्था सुरू झाली. रांग गेली, हे उत्तमच झाले. परंतु शनिवारी शाळा सकाळची असते आणि दुपारच्या परतीच्या गाडीचा प्रश्न सुटलेला नव्हता. त्यासाठीचा अर्ज मुलांनी मला न विचारताच लिहिला आणि केवळ नजरेखालून घालण्यासाठी मजकडे आणला. त्यात 'नम्र विनंती' तीन ठिकाणी होती. मी दोन खोडल्या.