पिंजऱ्यावरचं नळकांडं

चि. सोनू,


तुझं पत्र मिळालं. गिट्टीच्या क्रशरजवळच्या मुलांच्या खोकल्याबद्दल वाचून मन बेचैन झालं. शेवटी तू लिहिलंस, ही मुलं म्हणजे 'कॅनरी इन द कोल माइन' आहेत. हल्ली बेडूक कमी झाले तरी आणि बँक डबघाईला आली तरी लोक हेच म्हणतात. त्यांच्या मनात बहुधा एवढंच असतं, की खाणीत नेलेलं कॅनरी पाखरू मेलं, आता आपण सावध व्हावं. खाणीतली रीत तशी नव्हती. तू डॉक्टर आहेस, म्हणून तुला ती नीट कळावी असं फार वाटतं.

जानेवारी १८९६ मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट झाला आणि ५७ माणसं गेली. जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने प्रेतं तपासली. बहुतेकांचा जीव स्फोटाने घेतलाच नव्हता; तो घेतला होता स्फोटानंतर साचलेल्या कार्बन मोनॉक्साइडने. या वायूला ना रंग ना वास, आणि हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून जास्त ओढीने चिकटतो, हे मी तुला काय सांगावं! हॉल्डेनने तो स्वतः हुंगून पाहिला होता, सोबत उंदीर ठेवून. उंदीर लगेच कोलमडला, हॉल्डेनला मात्र बराच वेळ काहीच जाणवलं नाही. लहान जिवाचा श्वास जलद, रक्ताचा फेरा जलद, म्हणून विष आधी भिनतं. पण अंग मुडपून पडलेला उंदीर झोपलाय की गुंगलाय, हे खाणीच्या अंधारात कसं ओळखणार? कॅनरी दांडीवर डुलायला लागली की दिव्याच्या मिणमिणत्या उजेडातही दिसतं. पुढे ब्रिटिश खाणींत हीच पाखरं आली. आपल्याकडे या कामाला मुनिया वापरत.

हॉल्डेनने स्वतःच्या पोरालाही वगळलं नाही. एका जुन्या खाणीत छताजवळ मिथेन साचला होता. तिथे त्याने मुलाला उभं राहून शेक्सपिअरच्या नाटकातलं भाषण म्हणायला लावलं. थोड्याच वेळात पोराला धाप लागली, पाय गळाले. खाली पडल्यावर त्याला पुन्हा नीट श्वास घेता आला, कारण मिथेन हलका, तो वरच राहतो. हाच मुलगा पुढे जे. बी. एस. हॉल्डेन म्हणून नावाजला, भारताचा नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला.

पाखरू मुख्यतः असायचं बचाव पथकाच्या हाती, आग किंवा स्फोट झाल्यावर आत शिरताना. त्यासाठी बनवलेला एक पिंजरा तू बघायला हवास. पेटीला समोर गोल दार, ते उघडं असलं तरी आड जाळी, त्यातून हवा आत जाते. पेटीच्या वर, उचलायच्या मुठीच्या जागी, ऑक्सिजनचं छोटं नळकांडं. पाखरू डुललं की दार घट्ट लावायचं, नळकांड्याची चावी फिरवायची, आणि माघारी फिरायचं. बहुतेक वेळा पाखरू सावरायचं. ब्रिटनमध्ये १९८६ साली यंत्रं आणून शेवटची दोनशेवर पाखरं निवृत्त करायचं ठरलं, तेव्हा खाणकामगार हळहळले. ते त्यांना शीळ घालायचे, त्यांच्याशी बोलायचे.

म्हणून मला हे वाक्य अर्धवट वापरलेलं खटकतं. इशारा मरणाचा नव्हता, डुलण्याचा होता. डोळा सतत पाखरावर ठेवावा लागे, आणि ते डुललं की पहिलं काम त्याला वाचवण्याचं. आज एखाद्या वस्तीला कॅनरी म्हणून लेख लिहिले जातात, त्यातून बाकीचे सावध होतात, आणि ती वस्ती तिथेच धूळ खात राहते. वर चावी फिरवायला नळकांडं नसेल तर त्या माणसांना कॅनरी म्हणण्याचा आपल्याला हक्क नाही, असं मी अगदी मनापासून मानतो.

तुझी मुलं अजून डुलताहेत, सोनू. काही गोष्टी मला कळव. खडी फुटते तिथे आणि पट्ट्यावर पाण्याचे फवारे चालू असतात का, की फक्त पाहणीच्या दिवशी? झोपड्या वाऱ्याच्या कोणत्या अंगाला आहेत? पोरं आईबापांसोबत नुसती असतात, की त्यांनाही कामाला लावतात? प्रत्येकाचं वजन, खोकला किती दिवसांचा, आणि क्षयाची तपासणी झाली का, हे वहीत तारखेनिशी लिही. आईबापांच्या छातीचे एक्स-रे काढता आले तर आधी ते काढ. सिलिकाची धूळ वर्षानुवर्षं त्यांच्याच फुप्फुसात गेलेली असणार. माहिती हाती आली की जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायच्या अर्जाचा मसुदा मी करून पाठवतो. सही तुझी राहील, आणि सोबत यायला मी आहेच.

तुझा,
काका