मार्करचा शागीर्द

आमच्या हैदराबादच्या मराठी मंडळींत परिचय करून घेण्याचा एक ठरलेला क्रम आहे. मूळ गाव कोणते, येथे कितवी पिढी, आणि नोकरी कोठे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी आनंदाने देत असे. मूळ गाव नांदेडकडचे. आजोबा निजामाच्या अमदानीत महसूल खात्यात कारकून म्हणून आले. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मात्र काचीगुड्यातच राहिलो. तिसऱ्या प्रश्नाला ‘टेनिस शिकवतो’ असे उत्तर दिले, की समोरचे गृहस्थ क्षणभर थांबत आणि सौजन्याने विचारीत, “ते झालं हो, पण नोकरी कुठं?”

तीच नोकरी होती. आमच्या भागातील एका क्लबात १९८५ ते २०१४ अशी एकोणतीस वर्षे मी टेनिसचा प्रशिक्षक होतो. सकाळी साडेपाच ते आठ आणि संध्याकाळी चार ते दिवे लागेपर्यंत. मधल्या वेळेत रॅकेटींच्या तारा ओढणे.

या तारांवरून आमच्या घरी एकदा मोठेच रामायण घडले होते. त्या काळी चांगल्या रॅकेटला तात लावीत, म्हणजे जनावराच्या आतड्याची दोरी. ही गोष्ट कोणीतरी आजीच्या कानावर घातली. त्या दिवसापासून माझी रॅकेट ओसरीवरच्या खुंटीच्या पुढे कधी आली नाही. आणि ती हाताळल्यावर हातपाय धुतल्याखेरीज मला स्वयंपाकघरात प्रवेश नसे. ती रॅकेट लाकडी, कोणा सभासदाने टाकून दिलेली. पावसाळ्यात वाकू नये म्हणून चार स्क्रूंच्या चौकटीत आवळून ठेवावी लागे. आजी म्हणे, “पोराला नाही शिस्त, पण त्या फळकुटाला आहे.”

ती मला दिली क्लबाच्या मार्करने. मार्कर हा शब्द आता ऐकू येत नाही. क्लबात सभासदांबरोबर खेळण्यासाठी, त्यांच्या मुलांना शिकवण्यासाठी आणि कोर्टाची निगा राखण्यासाठी जो पगारी माणूस असे, तो मार्कर. आमचे मार्कर जुन्या शहरातील होते. लहानथोर सगळे त्यांना चाचा म्हणत. शाळेतून येताना मी कुंपणापाशी रेंगाळत असे. एके दिवशी त्यांनी मला आत बोलावून चेंडू वेचायला लावले. कारकुनाच्या नातवाने साहेबांचे चेंडू वेचावेत हे वडिलांना रुचले नाही. पण ती बातमी घरी पोहोचेपर्यंत मी कामातून गेलेलो होतो.

चाचांना लिहितावाचता येत नसे. मात्र तळहातावर रॅकेट आपटून आवाजावरून तारांचा ताण ते सांगत. जाळे मध्यभागी तीन फूट आणि खांबांपाशी साडेतीन फूट उंच असावे लागते; चाचांनी त्यासाठी कधी टेप वापरली नाही. एक रॅकेट उभी धरायची, तिच्यावर दुसरीचे तोंड आडवे ठेवायचे. सत्तावीस इंच आणि नऊ इंच मिळून छत्तीस. मी पुढे टेपने कितीदा तरी मोजून पाहिले. हिशेब बरोबरच निघे.

आमचे कोर्ट मुरमाचे होते. त्या कोर्टाची आठवण आली, की मला अजून ओल्या मातीचा वास येतो. पहाटे चाचा पाणी शिंपडत, तेही असे की माती ओली व्हावी पण चिकट होऊ नये. मग आम्ही दोघे तो अजस्र लोखंडी रोलर ओढीत असू. आधी लांबीच्या दिशेने, मग आडवा. त्यानंतर दोरी ताणून फक्कीच्या रेषा. अठ्ठ्याहत्तर फूट लांब, दुहेरीसाठी छत्तीस फूट रुंद. रेष वाकडी गेली तर ती पायाने न पुसता हाताने झाडून पुन्हा मारायची, हा दंडक. आमच्या मातोश्री तुळशीपुढे रांगोळी काढताना ज्या एकाग्रतेने वाकत, तीच मी चाचांच्या पाठीत पाहिली आहे.

शिकवण्याची त्यांची रीत अशी, की पहिला महिनाभर रॅकेट नाही. टप्पा पडून वर आलेला चेंडू नुसत्या हाताने झेलायचा. “गेंद आती मियाँ, घबराना नक्को,” एवढाच उपदेश. (हे ‘नक्को’ आमच्याच मराठीने दखनीला दिले, याचा मला तेव्हापासून अभिमान.) मग एके दिवशी रॅकेट पुढे करून म्हणत, “इस से हात मिलाओ.” हस्तांदोलन केल्यासारखी मूठ धरली, की पकड आपोआप नीट बसे. बोटांचे कोन सांगणारी पुस्तके मी नंतर वाचली, पण मुलांना शिकवताना माझ्या तोंडी तेच वाक्य येई.

विद्यापीठाच्या संघात मी खेळलो, प्रशिक्षकाचे रीतसर प्रमाणपत्र मिळवले आणि १९८५ साली क्लबाच्या समितीने मला बोलावणे धाडले. सभासदांच्या मुलांना शिकवण्यासाठी आता इंग्रजी बोलणारा, प्रमाणपत्रधारक प्रशिक्षक हवा होता. चाचांनी यापुढे कोर्टाची निगा तेवढी पाहावी, असे ठरले. शिकवणीचे पैसे गेले. मी त्या बैठकीत हजर होतो. ‘शिकवायला चाचाच राहू देत, मी त्यांच्या हाताखाली काम करीन’ एवढे एक वाक्य मला म्हणता आले असते. घरी लग्नाची बोलणी चालू होती, आणि तिसऱ्या प्रश्नाला प्रथमच काहीतरी उत्तर मिळत होते. मी सही केली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी रोलरला हात लावायला गेलो, तेव्हा चाचांनी माझा हात हलकेच बाजूला केला. “रहने देओ साब.” त्याआधी पंधरा वर्षे मी ‘बेटा’ होतो.

पुढची वर्षे कामात गेली. मुलींना टेनिसला धाडायला आमच्या मंडळींतील आया का-कू करीत. त्यांना मी क्षमाबाई रावांची गोष्ट सांगे. शंकर पांडुरंग पंडितांची ही कन्या संस्कृत कवयित्री आणि टेनिसपटूही. आणि त्यांची लेक लीला राव १९३४ साली विम्बल्डनमध्ये सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. संस्कृताचा दाखला दिला, की निम्म्या आया विरघळत. उरलेल्यांची समजूत २००५ सालाने घातली. सानिया मिर्झा गाजू लागली आणि सहा-सहा वर्षांच्या पोरींना घेऊन बाप फाटकाशी उभे राहू लागले; ‘किती वर्षांत होईल?’ हाच एक प्रश्न. लहान मुलांसाठी मऊ, संथ चेंडू वापरण्याचा नियम आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२ साली केला. तोवर आम्ही मोठ्यांच्या उसळत्या चेंडूंनी चिमुरड्यांचे मनगट दुखवत होतो. चाचांचा तो नुसत्या हाताचा महिना मी पालकांच्या घाईपुढे केव्हाच सोडून दिला होता, हेही येथे नोंदवले पाहिजे.

१९९८ साली क्लबाने मुरूम काढून सिमेंटचे रंगीत कोर्ट केले. रोलरचे काम संपले आणि चाचांचेही. तेव्हाही मी काही बोललो नाही.

फेब्रुवारी २००५ मध्ये फतेह मैदानावरच्या टेनिस संकुलात हैदराबाद ओपनची अंतिम फेरी होती. मी दोन तिकिटे काढली आणि चाचांच्या घरी गेलो. दृष्टी अधू झालेली, तरी ते धुतलेली शेरवानी घालून निघाले. सानियाने पहिला सेट ६–४ असा घेतला, दुसरा अलोना बोंडारेंकोने ७–५ असा. लोक ओरडत होते. चाचा मात्र कान देऊन बसले होते. चेंडू तारांवर कसा बसतो ते त्यांना आवाजावरून कळत होते. तिसऱ्या सेटमध्ये एकदा सर्व्हिस जाळ्यात गेली, तसे त्यांनी माझे मनगट घट्ट धरले. “टॉस पीछे जारा बेटा, देख. तू रहता तो बोलता ना?”

“हौ चाचा,” मी म्हणालो.

६–३. सारे प्रेक्षागृह उभे राहिले. आम्ही मात्र गर्दी ओसरेपर्यंत बसून राहिलो. माझे मनगट अजून त्यांच्या हातात होते. मग बाहेर आलो. मी रिक्षा थांबवली, पैसे आधीच देऊन टाकले. आत बसता बसता त्यांनी कपाळापाशी हात नेला.

“चलतौं साब.”