जमिनीपर्यंत

पेडण्याच्या आमच्या घरात खुर्च्या होत्या त्या सोप्यावर, पाहुण्यांसाठी. घरची माणसं जमिनीवर बसत. आई आदोळीवर, म्हणजे विळीवर, बसायची ती एक गुडघा उभा आणि दुसरा आडवा घालून. नारळ खोवणं, मासे कापणं, भाजी चिरणं, सगळं त्या एकाच बैठकीत. मला गुडघे आहेत हे जाणवायचं ते चवथीला. फळापानांच्या माटोळीखाली गणपती, त्याच्यापुढे वाड्यावरच्या बायका, आणि मध्यरात्र उलटली तरी न थांबणाऱ्या फुगड्या. बसफुगडीत उकिडवं बसून पाय पुढेमागे टाकताना इतर पोरींच्या मांड्या भरून यायच्या. माझ्या येत नसत. त्याचा मला फार अभिमान होता.

लग्न होऊन डिचोलीला आले तरी फुगडी सुटली नाही. चाळिशी उलटल्यावरच्या एका चवथीत, नणंदेच्या हातात हात अडकवून गरगर फिरताना, माझा उजवा पाय रोवलेलाच राहिला आणि अंग वळलं. गुडघ्याच्या आत टक् झालं. नणंदेलाही ऐकू आलं. आरती होईपर्यंत गुडघा टम्म सुजला होता. एक्स-रेमध्ये हाडं धड होती. एमआरआयमध्ये दिसलं की पुढचं क्रूसिएट लिगामेंट तुटलंय.

हे लिगामेंट मांडीचं हाड नडगीशी बांधून ठेवतं. अशी दोन असतात, फुगडीत अडकवलेल्या हातांसारखी एकमेकांना छेदून जाणारी. पुढचं नडगीला पुढे सरकू देत नाही, मागचं मागे. सरळ रस्त्यावर पुढच्याची उणीव फारशी भासत नाही. पाय रोवून अंग वळवलं की गुडघा दगा देतो. फुटबॉलचं वेड असलेल्या गोव्यात ही दुखापत मैदानावरची समजली जाते. पण वळण मैदानात घेतलं काय आणि गणपतीपुढे घेतलं काय, गुडघ्याला दोन्ही सारखंच.

लीड्सचे शल्यविशारद मेयो रॉबसन यांनी 1895 मध्ये ज्याच्या गुडघ्यातली ही लिगामेंटं शिवली, तो एक खाणकामगार होता. मी खाणीच्या तालुक्यात राहते. हा तपशील वाचल्यापासून, खनिजाच्या डोंगरावर उमेदीची वर्षं घालवून आता काठी टेकत चालणारे म्हातारे वाटेत भेटले की मी थांबते, गुडघ्यांची चौकशी करते. आता बहुतेक वेळा तुटलेलं शिवत नाहीत. मांडीच्या मागच्या स्नायूची दोरी, म्हणजे कंडरा, काढून, हाडांत बोगदे पाडून, ती तिथे बसवतात. ही दोरी बसवताना चिवट असते. मग तिच्यातल्या जुन्या पेशी मरतात, नव्या रक्तवाहिन्या आत शिरतात, आणि साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ती सगळ्यात कमजोर होते. नेमकं तेव्हाच दुखणं ओसरलेलं असतं, कुबड्या सुटलेल्या असतात, आणि माणसाला वाटतं, झालं आता.

माझं ऑपरेशन कोजागिरीनंतर झालं. त्याआधी कोजागिरीलाच भरणारी पेडण्याची पुनव भगवतीच्या देवळाबाहेर, दगडी हत्तींच्या बाजूला खुर्ची टाकून पाहिली. ऑपरेशननंतर धक्का बसला तो मांडीचा. फिजिओ सांगायची, पुढचा स्नायू आवळा. मी सगळा जोर लावायचे आणि मांडी ढिम्म. गुडघ्यात सूज असली की मज्जासंस्थाच त्या स्नायूला आवरून धरते, हे तिने समजावलं तेव्हा मला रडू आलं. तोवर मी स्वतःला आळशी म्हणत होते. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाय सरळ करायचा, हे तिचं पहिलं काम. पूर्ण सरळ झाला नाही तर लंगडणं मागे लागतं. आईचा पेडण्याहून रोज फोन, आणि तिचा प्रश्न उलटा: "बाय, ढोपर वाकता गे?"

आईचंही बरोबर होतं. चालायला गुडघा साधारण 60-70 अंश वाकला तरी भागतं, खुर्चीतून उठायला 90 च्या आसपास. उकिडवं बसायला 130 च्याही पलीकडे जावं लागतं. गुडघा किती सुधारला हे मोजायची एक जगभर वापरली जाणारी पट्टी आहे, टेग्नर आणि लिसहोल्म या स्वीडिश डॉक्टरांनी 1985 मध्ये सुधारलेली. तिच्यात 100 पैकी उकिडवं बसण्याला 5 गुण आहेत. स्वीडनमध्ये ते पुरेसे असतील. आमच्याकडे देवळातला सभामंडप, पंगत, मांड, बारशाचा पाळणा, सगळं जमिनीवर आहे. त्या 5 गुणांना मुकलेली बाई 95 मिळवूनही कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसते आणि हळूहळू तिला हाक मारायचंच लोक विसरतात. मला मिळालेल्या व्यायामाच्या कागदावर चेंडू लाथाडणारा तरुण होता. त्यात आदोळीवर बसलेली बाई असायला हवी, हे मी आग्रहाने सांगितलं आणि पुन्हा सांगेन.

पौषात धालो आले, बायकांचा गाण्यानाचाचा उत्सव. मांडावर दोन रांगा समोरासमोर, हातांत हात, दोन पावलं पुढे, दोन मागे. वळण नाही, उडी नाही. फिजिओने परवानगी दिली ती याच कारणाने: सरळ रेषेतली हालचाल आधी, वळण सगळ्यात शेवटी. दोन्हीकडून मला जावांनी धरलं होतं आणि मी गायले. वैशाखात शिरगावला लईराई देवीची जत्रा. दीर धोंड आहेत, देवीचे व्रत घेतलेले भक्त. वेताची काठी उंचावत नाचणाऱ्या त्या दाटीत मी उतरले नाही, लांबून हात जोडले. तोवर घरी एका पायावर तोल धरायचा सराव चालू होता, डोळे मिटून.

पावसाळ्यात एक दिवस टाचा टेकून उकिडवं बसता आलं. फिजिओने कोन मोजला, लिहून घेतला.

नऊ महिन्यांच्या आत वळणाचे खेळ नकोत, आणि त्यानंतरही एका पायावरची उडी दुसऱ्या पायाच्या निदान 90 टक्के हवी, असा तिचा दंडक. चवथीच्या आधी घेतलेल्या परीक्षेत माझा पाय थोडा कमी पडला. म्हणून यंदा फेरात सावकाश चालायचं, उभी फुगडी नाही. फिजिओ साखळी गावची आहे, फुगडी तिला ठाऊक आहे. पुढच्या वेळी उडीबरोबर ती फुगडीचं वळणही तपासणार आहे: आधी पाव, मग अर्धं, मग पुरतं, आणि जोडीला ती स्वतः उभी राहणार आहे.